विवराच्या काठावरचं गाव: आयफेलमधल्या शाल्केनमेरेनचे पाच दिवस

पहिला दिवस: कोब्लेंझ ते शाल्केनमेरेन

पश्चिम जर्मनीतल्या आयफेल पठारावरच्या शाल्केनमेरेनला रेल्वे नाही. सगळ्यात सोयीचं स्टेशन विटलिख हाउप्टबानहोफ, आणि पहिली फसगत तिथेच होते. नावात 'मुख्य स्थानक' असलं तरी ते विटलिख शहरात नाही. शहरापासून चार-पाच किलोमीटर दूर, वेंगेरोर नावाच्या गावात आहे. 'आधी शहरात जाऊन जेवू, मग बस पकडू' हा बेत म्हणूनच फसतो. डाउन गावाकडे जाणारी बस थेट स्टेशनाबाहेरून घ्यायची आणि खायचं काय ते कोब्लेंझलाच बरोबर घ्यायचं.

कोब्लेंझहून ट्रिअरच्या दिशेला तासाला एक प्रादेशिक जलद गाडी असते. विटलिखला पोहोचायला तासभर लागतो. डाव्या हाताची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण कोखेमपर्यंत मोझेल नदी त्या बाजूला दिसत राहते. कोखेमनंतर गाडी एकदम डोंगरात शिरते. हा काइझर विल्हेल्म बोगदा, लांबी ४,२०५ मीटर, १८७९ साली सुरू झालेला. नदी इथे इतकं मोठं वळण घेते की रूळ तिच्या काठाने नेण्यापेक्षा डोंगर पोखरणं सोपं पडलं. पुढची शंभरएक वर्षं हाच जर्मनीतला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता.

तिकिटाचं गणित असं: महिनाभर जर्मनीत राहणार असाल तर डॉइचलांडटिकेट घ्या (२०२५ साली दरमहा ५८ युरो). प्रादेशिक गाड्या आणि बस त्यावर चालतात, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. हे तिकीट वर्गणीच्या पद्धतीचं असतं. चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. भारतात परतल्यावर खात्यातून पैसे गेलेले पाहून अनेकांना हे कळतं.

विटलिखहून बस चढायला लागते तसा प्रदेश बदलतो. खाली मोझेलच्या खोऱ्यात द्राक्षमळे आणि ऊब, वर साडेचारशे मीटरवर बीच आणि स्प्रूसची राई, कुरणं आणि थंड वारा. मेमध्येसुद्धा संध्याकाळी जाकीट लागतं. या पठाराचं नाव आयफेल. पश्चिमेला बेल्जियम-लक्झेंबर्ग, पूर्वेला ऱ्हाइन, दक्षिणेला मोझेल अशा त्याच्या सीमा. डाउन हे या भागातलं बाजाराचं गाव, आणि शाल्केनमेरेन तिथून पाचेक किलोमीटर. लोकवस्ती पाचशे-सहाशे. डाउनहून पुढे बस मोजक्या, रविवारी त्याहून कमी, आणि काही फेऱ्या फोन करून बोलावलं तरच येतात. वेळापत्रकात 'रूफबुस' असं लिहिलेली फेरी दिसली तर ती आदल्या दिवशीच नोंदवून ठेवा. थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर ती येणार नाही.

मुक्कामाला पेन्शन, म्हणजे छोटं घरगुती अतिथीगृह, किंवा फेरियनवोनुंग, म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्याचं घर. खोली नोंदवण्याआधी न्युरबुर्गरिंगचं वेळापत्रक पाहा. मोटारशर्यतीचं ते प्रसिद्ध मैदान इथून तासाभराच्याही आत आहे, आणि २४ तासांची शर्यत किंवा जूनमधला रॉक संगीताचा मोठा महोत्सव असला की आसपासच्या गावांतल्या खोल्या काही महिने आधीच भरलेल्या असतात. छोट्या पेन्शनमध्ये रात्रभर कुणी स्वागताला बसलेलं नसतं, तेव्हा किती वाजता पोहोचणार ते आधी कळवावं. उपाहारगृहांची स्वयंपाकघरं दुपारी दोननंतर बंद होतात, संध्याकाळी साडेपाच-सहाला उघडतात आणि रात्री आठ-साडेआठला पुन्हा बंद. सोमवारी किंवा मंगळवारी बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी. रविवारी जर्मनीभर दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच डाउनला बाजार करून ठेवायचा.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण विचारून खावं लागतं. बटाट्याचा किस तळून केलेले रायबेकूखेन, सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर, निर्धास्त मागवा. बटाट्याचाच भाजून केलेला डॉपेकूखेन मात्र डुकराच्या खारवलेल्या मांसाशिवाय सहसा होत नाही. 'ओने श्पेक' (खारवलेल्या मांसाशिवाय) एवढे दोन शब्द पाठ असू द्यावेत, तरीही डॉपेकूखेनच्या बाबतीत त्यांचा उपयोग होईलच असं नाही, कारण मांस आधीच मिसळलेलं असतं.

उजेड असेल तर संध्याकाळी गावातल्या सरोवराला एक फेरी मारावी. वाट सपाट आहे, पाऊण तास पुरतो. फेरी मारताना पाण्यापेक्षा आजूबाजूच्या उताराकडे लक्ष द्या. घरं, चर्च, शेतं सगळं एका मोठ्या वाडग्याच्या आतल्या बाजूला आहे. पश्चिमेला पाणी, पूर्वेला दलदल आणि ओलं कुरण. ही दोन वेगवेगळी विवरं आहेत, एकमेकांना छेदणारी. पूर्वेकडचं आधीचं, ते गाळाने भरत आलं. पश्चिमेकडच्यात अजून २१ मीटर खोल पाणी आहे. गाव त्यांच्या दक्षिण काठावर वसलेलं. शाल्केनमेरेनबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे, शेती, गरिबी, स्मशान, पर्यटन, ते सगळं या खड्ड्यांपासून सुरू होतं.

दुसरा दिवस: तीन सरोवरं

सकाळी बसने डाउनला जायचं आणि चालत परत यायचं. उलट केलं तरी अंतर तेच, दहा-बारा किलोमीटर. पण डाउनकडून आलं की चढ सकाळच्या थंडाव्यात संपतो आणि शेवटी उतरून थेट मुक्कामाच्या दारात येता येतं. चालायला साडेतीन तास, थांबत थांबत पाच. वाटा खुणांनी भरलेल्या आहेत. गोंधळ होतो तो खुणा जास्त असल्यामुळे. आयफेलश्टाइग ही आखन ते ट्रिअर अशी ३१३ किलोमीटरची पायवाट याच टापूतून जाते, तिची खूण आणि स्थानिक फेऱ्यांच्या खुणा एकाच खांबावर असतात. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून घ्या, दरीत नेटवर्क जातं.

डाउनच्या दक्षिणेला अर्ध्या तासावर पहिलं सरोवर, गेम्युंडेनर मार. तिघांत हे सगळ्यात लहान, सुमारे सात हेक्टर, पण खोली ३८ मीटर. काठ इतके उभे आणि झाडीचे की दुपारशिवाय पाण्यावर ऊन पुरतं पडत नाही. उन्हाळ्यात इथे पोहण्याचा घाट चालू असतो.

मार म्हणजे काय, हे इथेच समजून घ्यावं, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावर आहे. आयफेलच्या मूळ जमिनीतले खडकाचे थर डेव्होनियन या भूशास्त्रीय काळातले, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेल्या चिखलाचा झालेला पाटीचा दगड आणि वाळूचा झालेला वालुकाश्म. त्यांना तडे आहेत आणि तड्यांत भूजल. खालून वर येणाऱ्या शिलारसाची या पाण्याशी गाठ पडली की पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला बाहेर जायला वाट नसते. झाकण अडकलेल्या कुकरसारखा आजूबाजूचा खडकच फुटतो, ठिकऱ्या वर उडतात आणि वरची जमीन पोकळीत कोसळते. मग पुन्हा पाणी झिरपतं, पुन्हा स्फोट, आणि दर वेळी स्फोटाची जागा आणखी खोल जाते. हे दिवस-आठवडे चालतं. शेवटी उरतो तो आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीच्या खाली गेलेला खड्डा, आणि त्याभोवती राखेचा बुटका कडा. ज्वालामुखी म्हटल्यावर आपण जो उंच शंकू डोळ्यांपुढे आणतो तो इथे नसतोच.

ही गोष्ट हाताने तपासता येते. वाटेकडेला जिथे दरड कापली गेली आहे तिथे राखेचे थर दिसतात, करडे आणि तपकिरी. जवळून पाहिलं की त्यात दोन प्रकारचे तुकडे ओळखू येतात. चपटे, करडे, धारदार ते जुन्या पाटीच्या दगडाचे. काळे, सच्छिद्र, बोटाला खरखरीत लागणारे ते लाव्हाचे. चपट्यांची संख्या जास्त असते. म्हणजे बाहेर फेकला गेला तो मुख्यतः स्थानिक खडक, शिलारस थोडाच. तुकडे पाहावेत आणि तिथेच ठेवावेत. हे संरक्षित क्षेत्र आहे, दगड उचलायला बंदी आहे.

मराठी माणसाला इथे लोणार आठवल्याशिवाय राहत नाही. गोल खड्डा, आत पाणी, भोवती कडा. साम्य इतकं आहे की लोणारलाही दीर्घकाळ ज्वालामुखीचंच मानत असत. भोवती सगळा दख्खनचा बेसॉल्ट, मग दुसरं काय सुचणार? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या दगडांत मास्केलिनाइट सापडल्याचं दाखवलं गेलं. फेल्डस्पार खनिजाला प्रचंड धक्का बसला तरच ही काच होते, आणि असा धक्का देणं ज्वालामुखीच्या आवाक्याबाहेरचं आहे. लोणारचा खड्डा वरून पडलेल्या अशनीने केला, डाउनचे खालून आलेल्या वाफेने. दोन्ही पाहिलेल्या माणसाला फरक डोळ्यांनीही कळतो. लोणारच्या कड्यावर थर उचकटून बाहेरच्या बाजूला उलटलेले आहेत, डाउनच्या कड्यावर राख थरांथरांनी शांतपणे साचलेली आहे.

गेम्युंडेनर मारहून मॉइझेबेर्गचा चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. वर ५६१ मीटर उंचीवर ड्रोन्के मनोरा आहे, आयफेल संघाने १९०२ साली बांधलेला. आडोल्फ ड्रोन्के हे ट्रिअरमधले शाळेचे संचालक. त्यांच्या पुढाकाराने १८८८ साली हा संघ स्थापन झाला. पायवाटा आखणं, खुणा रंगवणं, मनोरे बांधणं हे काम संघाने केलंच, पण हेतू हौसेच्या पलीकडचा होता. शहरातले लोक चालायला आले तर या दरिद्री मुलखात चार पैसे येतील, हा हिशेब होता.

मनोऱ्यावरून उतरताना दुसरं सरोवर दिसतं, वाइनफेल्डर मार. इथे थोडा वेळ बसून आकडे मांडून पाहावेत. गेम्युंडेनर मारच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०६ मीटर, वाइनफेल्डरची ४८४, शाल्केनमेरेनची ४२०. वाइनफेल्डर आणि शाल्केनमेरेन यांच्यामध्ये फक्त एक अरुंद खिंड आहे, तिच्यावरून रस्ता जातो, आणि खिंडीत उभं राहिलं की दोन्ही बाजूंची पाणी दिसतात. तरी पातळीत साठ मीटरहून जास्त फरक! वरचं पाणी खाली झिरपून जात नाही, कारण प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी बारीक गाळाचा आणि राखेचा जाड थर बसलेला आहे. प्रत्येक सरोवराचं पाणी आपापलं.

त्यातून पाण्याचा स्वभावही वेगळा झाला. वाइनफेल्डर मारला ओढा मिळत नाही आणि त्यातून ओढा निघतही नाही. पाऊस आणि भूजल एवढीच आवक. शेतातलं खत उतरत नाही, म्हणून ५१ मीटर खोल पाणी नितळ राहतं. त्यात पोहायला बंदी आहे. शाल्केनमेरेनच्या सरोवराच्या उतारावर मात्र शतकानुशतकं शेती आणि गुरं. त्यामुळे पाणी पोषक द्रव्यांनी भरलेलं, उन्हाळ्याच्या अखेरीस हिरवट. पोहण्याचा घाट तिथे आहे, पण शेवाळ वाढल्याचा फलक लागलेला असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये, आणि लहान मुलांना तर मुळीच सोडू नये.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला वाइनफेल्डरचे उतार गिन्स्टर नावाच्या झुडपाच्या पिवळ्या फुलांनी भरतात. हे आपोआप टिकत नाही. मेंढ्या-शेळ्या चरवल्या नाहीत तर काही वर्षांत तिथे झाडी माजेल. या गवतातून चालताना पायजम्याची टोकं मोज्यात खोचावीत. आयफेलच्या गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यातून बोरेलिया जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. संध्याकाळी गुडघ्याच्या मागे, काखेत, कंबरपट्ट्याच्या जागी तपासावं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, तेल किंवा मलम लावून गुदमरवू नये. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरू लागलं तर डॉक्टर गाठावा.

या सरोवराच्या काठावर एकटंच एक पांढरं देऊळ आहे, म्हणजे संत मार्टिनचं छोटं चर्च आणि भोवती दफनभूमी. गाव कुठेच नाही. वाइनफेल्ड नावाचं गाव इथे होतं, सोळाव्या शतकात प्लेगने उठलं. वाचलेले लोक निघून गेले, घरं पडली, दगड इतरत्र गेले. चर्च टिकलं, कारण शाल्केनमेरेनने आपली माणसं इथेच पुरायचं चालू ठेवलं, आणि ते आजही चालू आहे. म्हणूनच या पाण्याला टोटेनमार, मृतांचं सरोवर, असंही म्हणतात. बुडालेल्या किल्ल्याची आणि पाण्यावर तरंगत वाचलेल्या पाळण्यातल्या बाळाची दंतकथा माहितीफलकांवर वाचायला मिळते. प्लेगची हकीकत तिच्यापेक्षा कितीतरी जड आहे, पण फलकावर जागा दंतकथेला मिळते. दफनभूमी वापरातली आहे, तेव्हा थडग्यांमधून फोटोसाठी फिरू नये.

तिसरा दिवस: गाव

हा दिवस पायांना विश्रांतीचा. शाल्केनमेरेनमध्ये ऐतिहासिक म्हणून मिरवावं असं फारसं काही नाही, आणि तेच त्याचं महत्त्व. आयफेलमधल्या कुठल्याही गावाची कहाणी इथे बिनाअडथळ्याची वाचता येते.

१७९४ पर्यंत हा मुलूख ट्रिअरच्या आर्चबिशप-इलेक्टरचा, म्हणजे राज्यही करणाऱ्या धर्मगुरूचा होता. मग फ्रेंच सैन्य आलं आणि ऱ्हाइनच्या डाव्या तीराबरोबर हे गावही फ्रान्सला जोडलं गेलं. फ्रेंच वीस वर्षांतच गेले, पण त्यांचा दिवाणी कायदा राहिला. सगळ्या मुलांना सारखा वाटा या तत्त्वाने शेतं पिढ्यान्‌पिढ्या चिरत गेली. उतारावरच्या जुन्या पट्ट्यांची अरुंदी अजून काही ठिकाणी जाणवते. पातळ पाटीची माती, थंड उन्हाळा, त्यात तुकड्यांची शेती. राखेची माती खरं तर बरी, पण ती खड्ड्यांच्या भोवतीच. त्याशिवाय विवराच्या तळाशी रात्री थंड हवा साचते, म्हणून उशिरा पडणाऱ्या हिमकडाक्याचा फटका खालच्या शेतांना आधी बसतो.

१८१५ च्या व्हिएन्ना तहात हा भाग प्रशिया या जर्मन राज्याला गेला. त्याच वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुळीने १८१६ चा उन्हाळा युरोपातून नाहीसा केला. पिकं शेतात सडली, १८१७ मध्ये आयफेलमध्ये उपासमार झाली. ज्वालामुखींच्या राखेवर वसलेल्या गावाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या ज्वालामुखीने उपाशी मारावं, हा योगायोग इथल्या माहितीफलकांनी सांगायला हवा होता. १८४० च्या दशकात बटाट्यावरचा रोग आला. कुटुंबंच्या कुटुंबं अमेरिकेला गेली. बर्लिनचे अधिकारी इथल्या बदलीला शिक्षा समजत आणि आयफेलला 'प्रशियाचा सैबेरिया' म्हणत.

प्रशियाने एक मोठी गोष्ट मात्र केली. मेंढ्यांनी चरून उजाड झालेल्या माळांवर स्प्रूसची लागवड. स्थानिकांना ती नको होती, चराई जात होती. आज आयफेल म्हटल्यावर जे काळसर जंगल डोळ्यांपुढे येतं ते बरंचसं त्या लागवडीचं. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी आणि सालकिड्याने त्यातले मोठाले पट्टे वाळून गेले. तोडलेल्या उतारांवर आता बीच, ओक अशी मिश्र लागवड दिसते. वाळलेल्या स्प्रूसखाली वारा असताना थांबू नये. फांद्या काही सूचना न देता पडतात.

विसाव्या शतकात गावाने स्वतः एक धंदा उभा केला. आना ड्रोस्टे या शाळेतल्या शिक्षिकेने १९२६ मध्ये घरगुती विणकामाची सहकारी संस्था सुरू केली. हातमाग घराघरांत, कापड लोकरीचं, नाव 'मारटूख'. हिवाळ्यात शेतीला काम नसे तेव्हा हाताला पैसा देणारं हे काम. त्याची आठवण जपणारं छोटं संग्रहालय गावात आहे. ते रोज उघडं नसतं, वेळा मुक्कामाच्या घरीच विचारून घ्याव्यात. माग पाहताना कापडाची रुंदी लक्षात घ्या. हाताने धोटा फेकायचा म्हटल्यावर पन्हा विणकराच्या हाताच्या आवाक्याएवढाच.

१९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन फौजा इथून ऱ्हाइनकडे गेल्या, नंतर हा टापू फ्रेंच अमलाखाली आला आणि १९४६ मध्ये नव्या ऱ्हाइनलांड-फाल्ट्झ राज्यात गेला. जिल्ह्याचं नाव २००७ पर्यंत डाउन होतं, आता फुल्कानआयफेल आहे. ज्या खड्ड्यांनी शेतीची दैना केली त्यांच्याच नावावर आता जिल्हा पर्यटक बोलावतो. २०१५ पासून हा भाग युनेस्को जागतिक भू-उद्यान आहे.

दुपारनंतर गावामागच्या होहर लिस्टवर चढून यावं, उंची ५४९ मीटर. वरचे घुमट बॉन विद्यापीठाच्या वेधशाळेचे. शहराच्या दिव्यांमुळे बॉनमध्ये आकाश दिसेनासं झालं म्हणून १९५४ मध्ये ती इथे आणली. पुढे इथलं आकाशही उजळलं, दुर्बिणी लहान ठरल्या, आणि २०१२ मध्ये विद्यापीठाने काम थांबवलं. आतून पाहायचं तर मार्गदर्शित फेरीची तारीख आधी शोधावी लागते. बाहेरून घुमट आणि खालचं सरोवर केव्हाही. इथून पाहिलं की काल पायाखाली असलेल्या दोन विवरांचा आठाचा आकडा नीट उमगतो.

चौथा दिवस: सायकलने पुल्फरमार आणि श्ट्रोन

डाउनहून मोझेलवरच्या बेर्नकास्टेल-कूसपर्यंत ५८ किलोमीटरचा मारे-मोझेल सायकलमार्ग आहे. जुन्या रेल्वेमार्गावर डांबर टाकून केलेला, म्हणून चढ मंद, सुमारे तीन टक्क्यांपर्यंत. डाउनमध्ये सायकल भाड्याने मिळते. बॅटरीवाली घ्यायची तर शनिवार-रविवारसाठी आदल्या आठवड्यात सांगून ठेवा. सुरुवातीलाच लीझर नदीवरचा २८ मीटर उंच पूल, मग ५६० मीटरचा बोगदा. बोगद्यात दिवे आहेत, पण बाहेर तीस अंश असलं तरी आत दात वाजतात, आणि ओल्या डांबरावर जोरात ब्रेक दाबला की सायकल घसरते. बोगद्यानंतर शाल्केनमेरेन, मग उतरत उतरत गिलेनफेल्ड.

गिलेनफेल्डजवळचं पुल्फरमार बहुतेकांच्या यादीत वरचं, आणि ते योग्यच. जवळजवळ अचूक वर्तुळ, भोवती उंच बीचचं रान, खोली सत्तर मीटरहून जास्त. आयफेलच्या मार-सरोवरांत सगळ्यात खोल हेच. पोहण्याचा घाट आहे, पण काठापासून दोन-तीन हातांवर तळ एकदम निसटतो. वरचं पाणी कोमट लागतं, खाली पाय सोडले की थंडगार. पोहणारा दचकतो, श्वास चुकतो, आणि अडचण तिथून सुरू होते. काठाला धरून पोहावं.

जवळच होल्ट्झमार आहे, दिसायला साधं, जंगलात दडलेलं. शास्त्रज्ञांना पुल्फरमारपेक्षा हेच प्यारं. खोल, वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ ढवळला जात नाही. वसंतात सूक्ष्म शेवाळाचा फिकट थर, हिवाळ्यात मातीचा गडद थर, दरवर्षी एक जोडी. तळातून नळीने गाभा काढायचा आणि जोड्या मोजायच्या. होल्ट्झमार आणि मांडरशाइडजवळचं मेरफेल्डर मार यांच्या गाळातून हजारो वर्षांचं हवामान वर्षवार वाचलं गेलं आहे. मोजणी चुकू नये म्हणून एक पक्की खूण मिळते: सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी पूर्वेकडे लाखर झे इथे झालेल्या महास्फोटाच्या राखेची रेघ. थरांमध्ये शेतीचे परागकणही सापडतात, रान कधी तुटलं तेही त्यातून कळतं.

पुढे श्ट्रोन गावात रस्त्याकडेला पाच मीटर व्यासाचा, सुमारे १२० टनांचा गोळा ठेवलेला आहे. त्याला लाव्हाबॉम्ब म्हणतात. पण एवढं वजन एका फेकीत आकाशात गेलं असेल यावर विश्वास ठेवू नका. जवळच्या खाणीत सापडलेल्या या गोळ्याची उपपत्ती वेगळी आहे. तुकडा वर उडाला, परत विवरात घरंगळला, वितळलेल्या लाव्हाचा लेप चढला, आणि असं पुन्हा पुन्हा. शेजारच्या ज्वालामुखी-गृहात खडकातल्या भेगेची आख्खी भिंत काढून उभी केली आहे, तिच्यावर लाव्हाची थिजलेली बोटं दिसतात. तासभर द्यावा.

परतीचा रस्ता चढाचा आहे. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये सायकली वाहून नेणारी रेगिओराडलर बस असते. बसला जागा मिळाली म्हणजे सायकललाही मिळाली असं समजू नका. सायकलीची नोंदणी वेगळी करावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी गाडा भरलेला असला तर चालक दार उघडूनसुद्धा 'नाही' म्हणतो.

पाचवा दिवस: लीझरच्या काठाने मांडरशाइड

सामान घेऊन निघायचं तर ते हलकं हवं, किंवा मुक्कामाच्या घरच्यांना विचारून पुढे पाठवण्याची सोय करावी. शाल्केनमेरेनहून लीझरच्या दरीत उतरून मांडरशाइडपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर, पाच-सहा तास. नकाशावर वाट नदीबरोबर सरळ खाली जाते असं वाटतं, प्रत्यक्षात ती दरीच्या भिंतीवर सतत चढते-उतरते. पाटीचा दगड ओला झाला की साबण. गुळगुळीत तळाचे बूट नकोत. मधे खाण्यापिण्याची सोय धरून चालू नये. दीड-दोन लिटर पाणी आणि डबा बरोबर असावा.

मांडरशाइडला दोन पडके किल्ले समोरासमोर आहेत, मधून लीझर वाहते. एवढ्या जवळ दोन किल्ले कशाला, याचं उत्तर नदीत आहे, ती सरहद्द होती. वरचा किल्ला ११४७ मध्ये ट्रिअरच्या आर्चबिशपने जिंकला आणि ठेवला, खालचा मांडरशाइडच्या घराण्याकडे राहिला. पुढे शतकानुशतकं दोघं एकमेकांच्या खिडक्यांत पाहत बसले. खालच्या किल्ल्याच्या पायऱ्या अरुंद आहेत, पाठीवरचं ओझं खाली ठेवून चढावं.

मांडरशाइडचं मारसंग्रहालय चुकवू नये, पण सोमवार आणि हिवाळा टाळून जावं. इथला मुख्य ऐवज जवळच्या एकफेल्डर मारमधला. ते मार सुमारे ४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचं, म्हणजे डाउनच्या वीस-तीस हजार वर्षांच्या पोरसवदा सरोवरांचं फारच दूरचं पूर्वज. आता तिथे पाणी नाही, गाळाचा दगड झाला आहे. त्यात १९९१ मध्ये गाभण घोडीचा सांगाडा मिळाला, कुत्र्याएवढ्या घोडीचा, पोटातल्या पिल्लासकट. भुंग्यांच्या पंखांवरची निळी-हिरवी झाकसुद्धा टिकलेली आहे. तळाशी प्राणवायू नसला की कुजवणारे जीव जगत नाहीत, हे त्याचं कारण. होल्ट्झमारच्या तळाशी वर्षाचे थर ज्या कारणाने टिकले त्याचाच हा भाऊबंद.

मांडरशाइडहून विटलिखला बस आहे. ती स्टेशनापर्यंत जाते की शहरातच थांबते हे चढण्याआधी चालकाला विचारा, नाहीतर पहिल्या दिवशी वाचवलेले चार-पाच किलोमीटर शेवटच्या दिवशी चालावे लागतात. विमान त्याच रात्रीचं असेल तर दिवसातली शेवटची बस धरू नका, तिच्या आधीची धरा. फ्रांकफुर्टच्या विमानतळापर्यंत विटलिखहून कोब्लेंझमार्गे गाडी बदलत जायला तीन तास तरी हाताशी हवेत, आणि मोझेलच्या मार्गावर रुळांची कामं चालू असली की मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस देतात, तेव्हा चारही कमी पडतात.